नॉर्थ कॉनवेचा फलाट

फेब्रुवारीत आई साताऱ्याहून आली होती, म्हणून बॉस्टनहून तिला घेऊन न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉनवेला गेले. शनिवारचं स्कीइंग मुळीच आवडलं नाही. लिफ्टला पाऊण तास रांग आणि वर बर्फापेक्षा माणसंच जास्त. हॉटेलही कोंदट होतं.

रविवारी स्की म्युझियममध्ये मात्र एका फोटोपाशी आम्ही दोघी खिळलो. रेल्वे स्टेशन, दोन्ही बाजूंना शाळकरी पोरं, त्यांनी उंच धरलेल्या स्कीच्या काठ्यांची कमान आणि तिच्याखालून येणारा हानेस श्नायडर.

ऑस्ट्रियातल्या सांक्ट आन्टोनमध्ये तो स्की शिकवायचा. गुडघ्यांत वाकून वळण्याची त्याची आर्लबर्ग पद्धत जगभर पोहोचली होती. मार्च १९३८मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला आणि त्याला तुरुंगात टाकलं. त्याच्यासाठी धडपडला हार्वी गिब्सन, याच गावात जन्मलेला न्यूयॉर्कचा बँकर. गावाजवळच्या क्रॅनमोर डोंगरावर त्यानं स्कीचं ठिकाण उभारलं होतं. जर्मनांशी वाटाघाटी करून त्यानं श्नायडरला बायको-मुलांसकट आणवलं. ११ फेब्रुवारी १९३९ला ते इथे उतरले.

मी या देशात आले तेव्हा विमानतळावर घ्यायला कोणीही नव्हतं. त्या पोरांकडे बघून डोळे भरून आले.

"त्याच्याआधी इथे कोणी घसरत नव्हतं का गं?" आईनं विचारलं. घसरत होते की! १९३१पासून बॉस्टनहून खास स्नो ट्रेन सुटायच्या. मंदीत काम नसलेल्या तरुणांना सरकारनं छावण्यांत ठेवलं, त्यांनी जंगल तोडून उताराच्या वाटा काढल्या. १९३४ला शेजारच्या व्हरमाँटमध्ये एका शेतकऱ्याच्या टेकडीवर फोर्ड गाडीच्या इंजिनानं फिरणारा दोर बसवला. तो धरायचा आणि वर खेचलं जायचं. क्रॅनमोरवर तर लाकडी रुळांवरून छोट्या गाड्या चढायच्या, अगदी १९८९पर्यंत. त्या काढून टाकल्या याचं मला फार वाईट वाटलं.

दुपारी स्टेशनवर गेलो. १८७४ची इमारत अजून उभी आहे. बोचरी थंडी होती, तरी आई फलाटावरून हलेना.

"उतरल्या उतरल्या डोंगर दिसला असेल त्याला," ती म्हणाली. मग शालीतून हात बाहेर काढून, पोरं कुठून कुठपर्यंत उभी असतील ते मला दाखवू लागली.