पुसलेली बी बाजू

दिग्रसला माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता पोट मिक्सर आणि पंख्यांवर चालतं. कॅसेट पेनड्राइव्हवर भरून घ्यायला फार थोडे येतात. दिवाळीनंतर आर्णीकडच्या एका खेड्यातले काका आले, मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर लोखंडी पेटी. आत फक्त आंबेडकरी लोकशाहीर वामनदादा कर्डक, आणि विकतची एकही कॅसेट नाही. कुठं दादांचा कार्यक्रम लागला की काका सायकलला टेप बांधून जायचे आणि स्टेजजवळ बसून भरायचे. कागदावर गाव, तारीख, ढोलकीवर कोण, लाइट कितीदा गेली, सगळं बारीक अक्षरात. 15 मे 2004 ला दादा गेले. पेटी तिथंच थांबली.

मुलगा म्हणाला, "यूट्यूबवर सगळं हाय, बाबा आयकतच नाही." हे वाक्य मी दुकानात नेहमी ऐकतो आणि दरवेळी चिडतो. यूट्यूबवर कोणीतरी टाकलं तेवढंच असतं. लाइट आल्यावर दादांनी त्या गावासाठी जागेवर जोडलेलं कडवं या पेटीशिवाय कुठं सापडणार?

कॅसेटचं काम लोकांना वाटतं तसं 'लावली आणि भरली' नसतं. पावसाळे खाल्लेल्या रिळेच्या कडेवर पांढरी बुरशी असते. ती तशीच चालवली तर हेडवर, म्हणजे रिळेवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, थर बसतो आणि पुढच्या चांगल्या कॅसेटचाही आवाज दबतो. म्हणून आधी रीळ हातानं पुढंमागं फिरवून मोकळी करायची आणि प्रत्येक बाजूनंतर हेड आणि रबरी रोलर स्पिरिटनं पुसायचे. फेल्टचं पॅड गळालं असेल तर दुसऱ्या कॅसेटचं काढून लावायचं. स्क्रू नसलेली, चिकटवलेली कॅसेट ब्लेडनं उघडून तिची रीळ स्क्रूवाल्या खोक्यात घालायची. एका कॅसेटची रीळ मशीननं गिळून चुरगाळली होती. असा भाग कापून जोडतात. रीळ सेकंदाला 4.76 सेंटिमीटर धावते, म्हणजे पाच सेंटिमीटर कापलं तर जेमतेम एक सेकंद जातो. काकांनी माझा हात धरला. "कापू नोका भाऊ. त्यात दादाचा श्वास हाय." मग काचेवर ठेवून मऊ कापडानं घडी घडी सरळ केली. दुपार गेली. आवाज थोडा हलतो, पण श्वास आहे.

तळाशी ठेवलेली कॅसेट त्यांनी शेवटी दिली. त्यांच्या सगळ्या कॅसेटचे मागचे प्लास्टिकचे तुकडे मोडलेले होते, कोणी वरून भरू नये म्हणून. या एकीच्या भोकावर सेलोटेप होती; भोक बुजवलं की पुन्हा वरून भरता येतं. कोणीतरी मागून नेली आणि बी बाजूवर सिनेमाची गाणी भरून परत दिली. काकांनी कागदावर खाली 'बी बाजू पुसली' एवढंच लिहिलेलं, नाव नाही. मी विचारलं तर म्हणाले, "घरचंच माणूस होतं." दुसऱ्याची कॅसेट नेऊन तिच्या भोकावर सेलोटेप लावणारा माणूस कसा असतो, हे मला आजही कळत नाही. काका मात्र त्याच्याबद्दल एक शब्द वावगं बोलले नाहीत.

"खालचं निंगते का?"

भरताना आधी इरेज हेड जुनं पुसतं, मग वर नवं चढतं. पण रीळ 3.81 मिलिमीटर रुंद, आणि मोनो टेपचा एका बाजूचा पट्टा साधारण दीड मिलिमीटर. दोन मशीनची हेडं थोडी वरखाली असली तर कडेला जुन्याची बारीक रेघ उरते. गाणं चालू असताना ती ऐकू येणं शक्य नाही. दोन गाण्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत येऊ शकते.

मी कानावर हेडफोन लावून आवाज पूर्ण वाढवला. पहिलं गाणं संपलं. खरखर, आणि तिच्या पाठीमागे ढोलकी. हेडफोन काकांना दिला. दोनचार ठोके झाले असतील, त्यांनी ढोलकीवाल्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, पुढं कोणतं कडवं येणार तेही म्हणायला लागले. तेवढ्यात दुसरं सिनेमाचं गाणं सुरू झालं आणि ते मधेच थांबले.

मी म्हटलं, गाणी काढून फक्त मधल्या जागा भरून देतो. त्यांनी नको म्हटलं. "गानेही राहू द्या. नाही तं दादा कुठं हाय थे मले कसं समजन?"

मला ते पटलं, म्हणून बाजू अखंड भरून दिली. पण तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. हेड थोडं खाली किंवा वर सरकवून फक्त कडेची रेघ वाचता आली, तर गाण्यांखालचंही काही निघेल का? माझ्या डेकमध्ये हेडचा कोन बदलायचा स्क्रू आहे, उंचीचा नाही. आणि खात्री नसताना काकांना पुन्हा बोलवावं का, हेही ठरत नाही. निघालं नाही तर त्यांच्यासाठी ती बाजू दुसऱ्यांदा पुसली जाईल. म्हणून आधी दुसऱ्या एखाद्या पुसलेल्या कॅसेटवर करून बघणार आहे. उंची बदलता येणारं हेड असलेला जुना डेक कोणाकडे पडून असेल, बंद असला तरी चालेल, मला सांगा. नागपूरपर्यंत येऊन घेऊन जाईन.