शून्य रुपयांचं तिकीट

झोप येत नाही म्हणून लिहायला बसलोय. कारण ऐकून सुलभा हसली. हसू दे.

सकाळी साताऱ्याला निघालो. वाईच्या स्टँडवर खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला, एकदा तोंडाकडे बघितलं, मशीनची बटणं दाबली आणि तिकीट हातात दिलं. शून्य रुपये! म्हणजे अमृत ज्येष्ठ नागरिक, 75 च्या पुढचे. मी 72 चा. मला हाफ लागतं.

आधारकार्ड मागितलंच नाही त्याने. हाफ काढायला लागलो तेव्हा हेच लोक कार्ड उलटसुलट करून जन्मतारीख वाचायचे आणि मी वैतागायचो.

म्हटलं, "अहो, माझं हाफ आहे."

"राहू द्या बाबा, बसा."

"राहू द्या काय? पाचवडला तपासनीस चढला तर तुमच्याच अंगावर येईल."

मागून एक बाई म्हणाल्या, "मिळतंय तर घ्या की आजोबा." शेवटी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. "लोकं अमृतसाठी भांडतात, तुमचं उलटंच," म्हणत त्याने हाफ फाडलं. अर्धी गाडी हसली.

त्याला नक्की काय दिसलं? केस म्हणावेत तर ते पन्नाशीतच पिकलेत. दाढी वाढली होती, हे खरं. की चढताना दांडा दोन्ही हातांनी धरला, ते? आनेवाडी नाका गेला तरी माझं हेच चाललेलं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला अंगठा मशीनवर उठेना, तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. तिथे निदान मशीन होतं. हा चांगला हसरा, माझ्या धाकट्याच्या वयाचा पोरगा. धाकट्याचा फोनही... असो.

सुलभाचं बरंय. मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना हाफ, वय कोण विचारतंय! वर मलाच म्हणते, "तीन वर्षं फुकट फिरला असता, ते घालवलंत."

हिशेब तिचा चुकत नाही. स्वतःच्या खिशातले पैसे मोजून तीन वर्षांनी तरुण ठरलो, तेही भर गाडीत भांडून. एवढ्या पैशात न्हावीसुद्धा हे करून देणार नाही.

तरी हाफच काढणार. फक्त नानाला यातलं काही सांगायचं नाही. तो माझ्याच वर्गातला, आणि गेल्या दिवाळीपासून पंढरपूर, कोल्हापूर, गणपतीपुळे असा जो सुटलाय, त्याला तिकिटाचं विचारलं की विषय बदलतो.