रजिस्टर लग्न, मिस्सा आणि माझं कम्युनियन

आमचं लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर झालं. मी कॅथलिक, नवरा पद्मशाली. त्याच्या घरी तेलुगू, माझ्या माहेरी मराठी. सोलापुरात याचं कुणाला नवल नाही. दोन्ही घरं थोडी रुसली, मग निवळली. धर्म कुणीच बदलला नाही. सरकारदरबारी आम्ही नवरा-बायको झालो, चर्चच्या लेखी मात्र नाही.

असं का, हे आमच्यातल्या कितीतरी जणींना कुणी धड सांगितलेलंच नसतं. कॅथलिक व्यक्तीचं लग्न चर्चने अधिकार दिलेल्या धर्मगुरूसमोर आणि दोन साक्षीदारांसमोर व्हावं लागतं. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधी, न झालेल्या माणसाशी करायचं असेल तर आधी बिशपांकडून (धर्मप्रांताच्या प्रमुखांकडून) सूट घ्यावी लागते. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. म्हणून लग्नानंतर मी रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचे, पण कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर, घ्यायचे नाही.

कम्युनियनच्या वेळी अख्खा बाक उठतो. बाकीच्यांना वाट मिळावी म्हणून मी गुडघे एका अंगाला वळवून बसायचे. कुणी पदर सावरत, कुणी लेकरू कडेवर घेऊन समोरून सरकायचं. एखादी मावशी खुणेनं विचारायची, येत नाहीस? मी मान हलवायचे. रविवारमागून रविवार हे चाललं आणि त्याचा त्रास व्हायचा, अगदी पोटातून.

नवऱ्याला हे उमगायचं नाही. "तिथं कुणी कार्ड तपासतंय का? तुझ्या मनात खोट नाही ना, मग जा की." त्याचं खरंच होतं, रांगेत कुणी अडवत नाही. फादर भाकर समोर धरून "ख्रिस्ताचे शरीर" म्हणतात, आपण "आमेन" म्हणतो, झालं. बायबलमध्ये संत पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय की माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. १९८३ च्या चर्च-कायद्यातलं ९१६ वं कलमही तेच सांगतं: आपल्या हातून गंभीर पाप घडलंय याची जाणीव असेल तर आधी कन्फेशन (फादरांपुढे पापाची कबुली). म्हणजे तपासणारी मीच.

मी तपासलं. लग्नाबद्दल माझं मन मला कधीच खात नव्हतं. मी एका भल्या माणसाशी उघडपणे, जन्मभरासाठी लग्न केलंय. त्या "आमेन"बद्दल मात्र मन खायचं. मी एकटी देवाशी बोलत असते तर गोष्ट वेगळी. पण कम्युनियन घेणं म्हणजे चारचौघांत, त्या सगळ्या मंडळीसोबत, मी या चर्चची आहे असं म्हणणं. आणि त्याच चर्चसमोर माझ्या लग्नाचा प्रश्न मी तसाच ठेवलेला. हे मला जमेना.

एका मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, "पोपनीच सांगितलंय, मन साक्ष देत असेल तर घ्या." पोप फ्रान्सिस यांचं २०१६ मधलं कुटुंबाविषयीचं पत्र मी मिळवून वाचलं. लोकांची सदसद्विवेकबुद्धी घडवणं हे चर्चचं काम, तिची जागा घेणं नव्हे, असं त्यात आहे आणि त्या ओळीने मला फार धीर दिला. पण त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात धर्मगुरूसोबत बसून, वेळ देऊन पारख करायला सांगितलंय. फॉरवर्डमध्ये ते गाळलेलं होतं. शिवाय तिथे भर आहे तो मुख्यतः पहिलं लग्न मोडून दुसरं केलेल्यांवर. त्यांची वाट खरंच अवघड असते. आमच्या दोघांचंही हे पहिलंच लग्न.

आधी एका ठिकाणी विचारलं होतं, तर "चर्चमध्ये लग्न लावून घ्या" एवढंच उत्तर मिळालं. नवरा म्हणाला, आपलं लग्न झालंय, मी पुन्हा उभा राहणार नाही. मला त्याचं म्हणणं पटत होतं. पुढे आमच्या धर्मग्रामात (स्थानिक चर्चमध्ये) दुसरे फादर आले, त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि सनॅशनबद्दल सांगितलं. यात लग्न पुन्हा लावत नाहीत. दोघांची मूळची संमती अजून कायम असेल तर बिशप तीच मान्य करतात. लग्न वैध होतं ते मंजुरीच्या क्षणापासून, पण त्याचे परिणाम मागे लग्नाच्या दिवसापर्यंत लागू धरतात. ऐकून मला रडू आलं.

कागद फारसे नव्हते. रजिस्ट्रारचा दाखला, नवऱ्याचं आधी लग्न झालेलं नाही असं त्याला ओळखणाऱ्यांचं निवेदन, आणि माझ्या बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला. जुना चालत नाही, कारण लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्येच शेजारी करतात आणि ती जागा कोरी आहे का हे त्यांना बघायचं असतं.

मी अडले ते वचनाच्या कागदावर. आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असं कॅथलिक जोडीदाराने लिहून द्यायचं असतं. दुसऱ्याने वचन द्यायचं नसतं. त्याला फक्त याची माहिती दिलेली असावी लागते. आमची मुलगी तेव्हा लहान. सासूबाई तिला कडेवर घेऊन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज दाखवायला नेतात आणि मला ते मनापासून आवडतं. मग मी सही कशाच्या जोरावर करू? कम्युनियनसाठी खोटं लिहून देणं तर मला सर्वांत वाईट वाटलं असतं. फादरांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "वचन तुमच्या प्रयत्नांचं आहे, निकालाचं नाही. आणि घर मोडून केलेला प्रयत्न कुणी मागत नाहीये." तरी मी कागद घरी आणला. जेवणं झाल्यावर नवऱ्याला शब्दन् शब्द वाचून दाखवला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुझा देव तू शिकव. आईचा देव आई दाखवेल. मी कुणालाच अडवणार नाही." त्यानंतर मी सही केली.

फादरांनी त्यालाही एकदा भेटायला बोलावलं. हे लग्न जन्मभराचं आणि एकनिष्ठेचं मानता का, असं विचारलं. "मग काय," तो म्हणाला. अर्ज पुण्याला बिशपांकडे गेला, कारण सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं. काही महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं आणि रजिस्टरमध्ये नोंद झाली. मग मी कन्फेशन केलं आणि त्या रविवारी बाकावरच्या सगळ्यांसोबत उठले. मुलीला आता मीच प्रार्थना शिकवते.

अशा आणखी कोणी असाल तर फादरांकडे थेट सनॅशनची चौकशी करा. जोडीदार पुन्हा विधीला तयार नसेल तरी अर्ज करता येतो. वचनाचा कागद मात्र आधीच मागून घ्या आणि घरी दोघांनी बसून वाचा.