दिवसातून एकच खरी चाचणी

सकाळी पाच-सहा वेळा बटण दाबावं लागतं, मग दिवसभर काही त्रास नाही. हिशेबाच्या संगणकाबद्दल एवढीच तक्रार होती. माझ्याकडे येण्याआधी त्यावर विंडोज दोनदा नव्यानं टाकून झालं होतं, रॅमही बदलली होती. दर वेळी दुरुस्त झाल्यासारखा वाटे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

मी बटण दाबलं. पंखा दोनेक सेकंद फिरला, थांबला, आपोआप पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. बीप नाही, डिस्प्ले नाही, कीबोर्डवर नम लॉक दाबूनही दिवा लागत नव्हता. म्हणजे पोस्ट, अर्थात मदरबोर्डची स्वतःची प्राथमिक तपासणीसुद्धा पुरी होत नव्हती. या टप्प्यावर हार्ड डिस्कमधलं एक अक्षरही वाचलं गेलेलं नसतं, तर फॉरमॅट मारून काय हाती लागणार? उलट हिशेबाचा डेटा विनाकारण धोक्यात. वीज अशी तुटक येत-जात असताना डिस्क जोडलेली ठेवणं मला पटत नाही. तिच्या दोन्ही केबल आधी काढल्या.

मग ग्राफिक्स कार्ड आणि यूएसबीची सगळी उपकरणं बाजूला काढून प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, एवढंच ठेवलं. मदरबोर्डवरचा सेल मोजला तर ३ व्होल्टऐवजी २.५ भरला. नवा सीआर २०३२ बसवला, रॅमची सोनेरी टोकं खोडरबरानं पुसली, बटण दाबलं आणि डिस्प्ले आला.

फसगत होते ती इथेच. सेल उतरलेला होता हे खरं, पण उतरलेल्या सेलनं बहुतेक वेळा तारीख-वेळ आणि बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग जातात. आणि तोवर माझंही बटण सहा-सात वेळा दाबून झालं होतं! पाच-सहा वेळा दाबल्यावर तो चालू होतोच, हीच तर तक्रार होती. त्या क्षणी मी शेवटचं जे काही केलं असतं त्यालाच श्रेय मिळालं असतं. आधीची नवी रॅम आणि दोनदा टाकलेलं विंडोज अशीच 'गुणकारी' ठरली होती. अशा संगणकावर दिवसातून एकच चाचणी खरी: रात्रभर पूर्ण थंड झाल्यावर, पहिल्यांदा बटण दाबतानाची.

एक गोष्ट विचारायची राहिली होती. संध्याकाळी भिंतीवरचं बटणही बंद करता का? हो, रोज. त्या रात्री ते मुद्दाम चालू ठेवायला सांगितलं. सकाळी संगणक पहिल्याच दाबात सुरू झाला. पुढच्या रात्री बंद ठेवलं, तर सकाळी पुन्हा पंख्याची तीच धडपड. संशय आता थेट एसएमपीएसच्या स्टँडबाय भागावर गेला. संगणक बंद असतानाही मदरबोर्डला ५ व्होल्ट पुरवणारा तोच भाग, आणि भिंतीवरचं बटण बंद केलं तरच तो थंड पडतो.

त्याच सकाळी २४ पिनच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूनं मल्टिमीटरचं टोक घातलं, काळं टोक काळ्या वायरवर. बटण दाबण्याआधी स्टँडबायच्या जांभळ्या वायरवर ४.९७ व्होल्ट. दाबताक्षणी ४.२. मीटर सर्वात कमी आकडा धरून ठेवणाऱ्या 'मिन' मोडवर ठेवला होता म्हणून ही घसरण पकडता आली, एरवी आकडा दिसेपर्यंत ती निघून जाते. या वायरवर ४.७५ ते ५.२५ एवढीच मुभा असते. करड्या वायरवरचा पॉवर गुड, म्हणजे 'वीज ठीक आहे' असा एसएमपीएसचा संकेत येतच नव्हता, म्हणून बोर्ड प्रोसेसरला रीसेटमधून सोडत नव्हता. सहाव्या प्रयत्नाला जांभळी ४.८५ वर टिकली, करडी वर आली, संगणक चालू. त्यानंतर १२ व्होल्टची पिवळी १२.१, ५ ची लाल ५.०६, ३.३ ची नारिंगी ३.३१. चालू मशीनवर मोजणाऱ्याला सगळं ठणठणीतच दिसणार. चालू करण्याची हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएसचा पंखा फिरवायची चाचणीही इथे पास झाली, कारण त्या वेळी स्टँडबायवर मदरबोर्डचा भारच नसतो.

दुसरा एसएमपीएस जोडून आणखी दोन थंड सकाळी पाहिल्या. दोन्ही वेळा एका दाबात सुरू. बदली एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या केबलचा, असेल तर केबलही त्याच्याच वापरा. जुन्या केबल खाचेत बसतात, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क जळते.

जुना एसएमपीएस मी उघडला, पण ज्यांना सवय नाही त्यांनी उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. आधी मोजून खात्री केली, मग हात घातला. स्टँडबायचा १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर वरून सपाटच होता, फुगलेला नव्हता. ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा अंतर्गत रोध, मोजणाऱ्या मीटरवर मात्र ३ ओहमच्या वर गेला. चांगला असता तर ०.१ च्या आत राहिला असता. आतला द्रव सुकला की हा रोध वाढतो. कपॅसिटर थंड असताना तो सर्वात जास्त असतो, थोडं तापल्यावर कमी होतो. दर दाबागणिक कपॅसिटर तेवढाच ऊबदार होत होता.

१०५ अंश तापमान सोसणारा, कमी ईएसआरचा कपॅसिटर लावून तो चालला असता, पण शेजारचेही तेवढेच जुने होते. हिशेबाच्या मशीनमध्ये तो मी परत बसवला नाही. नव्या एसएमपीएसवर तिसऱ्या सकाळी डिस्क जोडली, आधी डेटाची प्रत काढून घेतली आणि मगच स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीचे, आकडे पाहिले. खराब म्हणून बदललेले सेक्टर शून्य होते.