वार बघितलास का?

रविवारी जेवणं उरकून लॅपटॉप घेऊन बसले, म्हटलं आज प्रागचं एकदाचं मिटवून टाकू. हॉटेलचे अकरा टॅब, ट्रेनचे दोन, आणि एक एक्सेल शीट, त्यात सकाळ-दुपार-संध्याकाळ असे रंगीत रकाने. मान वर केली तर खिडकीबाहेर काळोख. घड्याळात पावणेपाच. म्युनिकमधला हा माझा सहावा डिसेंबर, तरी दरवर्षी असं झालं की वाटतं आपल्याला दुपारी डोळा लागला आणि घरातल्या कुणी उठवलंच नाही.

मग सहज बघितलं प्रागला सूर्य किती वाजता मावळतो. डिसेंबरअखेर, चारच्या सुमाराला. आणि उगवतो आठला. म्हणजे मी जी 'चार दिवस, चार दिवस' करत उड्या मारत होते ते सगळे मिळून बत्तीस तास, त्यातला पहिला दिवस ट्रेनमध्ये (इथून साडेपाच-सहा तास लागतात) आणि शेवटचा परतीच्या ट्रेनमध्ये. राहिले सोळा. माझा सगळ्यात गच्च भरलेला रकाना होता संध्याकाळचा, पुलावर फिरणे, २२ नंबरच्या ट्रामने किल्ल्यावर जाऊन खाली शहर बघणे वगैरे, आणि त्या गावात त्या दिवसांत संध्याकाळ नावाची गोष्टच नाही. दुपार, मग थेट रात्र.

आईला फोन केला तर तिचं वेगळंच. "थंडीतून उठून थंडीच्याच गावाला कोण जातं गं? हवापालट म्हणायचं, आणि हवा तीच?" यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. म्हटलं ऑफिस बंद असतं, म्युनिकचे ख्रिसमसचे बाजार चोवीस तारखेला आवरतात पण प्रागच्या जुन्या चौकातला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालू असतो, म्हणून. "म्हणजे जत्रा," आई म्हणाली. हो, जत्राच. नवऱ्याच्या मते तेवढं कारण पुरेसं आहे, गरम वाइन घ्यायची आणि हिंडायचं, बाकी जाऊ आणि बघू. 'जाऊ आणि बघू' म्हणणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे, फक्त त्यांच्याबरोबर प्रवासाला जायची वेळ येऊ नये.

कारण मी शेवटी बाबांची मुलगी. बाबा पोस्टात होते, कुठेही जायचं तर महिनाभर आधीपासून ऑफिसातून आणलेले पाठकोरे कागद घेऊन बसायचे. उठणे ४.००. चहा ४.२०. रिक्षा ४.५०. स्टँड ५.१०. प्रत्येक ओळीपुढे टिक करायला पट्टीने आखलेला चौकोन. मी आठवीत असताना नाशिकहून औरंगाबादची ट्रिप ठरली, तेव्हा औरंगाबादच म्हणायचो. दौलताबाद, मकबरा, पाणचक्की, आणि मुख्य म्हणजे वेरूळ. ऑफिसातल्या कुणीतरी बाबांना सांगितलं होतं की लेणी सोमवारी बंद असतात, तर बाबांनी मोठ्या हुशारीने सोमवारी बाकीचं सगळं लावलं आणि वेरूळ मंगळवारी. एसटीतून उतरलो, चालत गेटपाशी गेलो, गेट बंद. वॉचमन म्हणाला, "सोमवारी अजिंठा बंद असतंय साहेब. वेरूळ मंगळवारी."

बाबांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावून पुन्हा एकदा नीट वाचला, जणू कागदावर मंगळवार असं स्पष्ट लिहिलंय म्हटल्यावर गेट उघडायला पाहिजे. कुणी काही बोललं नाही. मग आईने तिथेच कट्ट्यावर पंचा पसरून डबा उघडला, पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं भाजीला लागून सगळी भाजी एका कडेने लाल झालेली, आणि पेरू घ्यायला आलेल्या माकडाला हाकलण्यात आमचा सगळ्यांचा वेळ बरा गेला. घृष्णेश्वर जवळच होतं, ते केलं. खुलताबादला भद्रा मारुती केला, तो झोपलेला मारुती. बाबांची रजा बुधवारी संपत होती. कैलास लेणं मी आजपर्यंत बघितलेलं नाही. आता हे लिहिताना लक्षात आलं की बाबांनीपण नाही.

तर प्राग. त्या चौकातलं घड्याळ सगळ्यांना माहीत असतं, १४१० सालचं, तासाला वरच्या खिडक्यांमधून येशूचे शिष्य फिरतात आणि बाजूचा हाडांचा सापळा घंटा वाजवतो, खाली शंभर मोबाइल वर. ते मी व्हिडिओत बघितलं, ठीक आहे, आपल्याकडे गणपतीत याहून भारी हलते देखावे असतात. पण त्या घड्याळात सगळ्यात बाहेर एक कडं आहे, त्यावर जुन्या वळणाचे एक ते चोवीस आकडे, आणि ते कडं वर्षभर थोडंथोडं सरकत राहतं कारण ते तास मोजायचे सूर्यास्तापासून. सूर्य मावळला की चोवीस, दिवस खलास, पुढचा चालू. आधी मला हे विचित्र वाटलं, मग वाटलं आपल्या पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजतात की, आणि शेवटी कळलं की यात केवढी सोय आहे. काटा एकवीसवर असेल तर उजेड उरला तीन तास. शेतातून, बाजारातून घरी जायच्या माणसाला किती वाजले त्याच्याशी काय करायचंय, उजेड किती उरलाय ते सांगा. मी एक्सेलमध्ये लगेच तसा रकाना घातला, 'उरलेला उजेड'. नवऱ्याने तो वाचला आणि काही न बोलता चहा टाकायला गेला.

त्याच घड्याळाखाली एक दुसरी तबकडी आहे, योसेफ मानेस नावाच्या चित्रकाराने १८६५-६६ मध्ये रंगवलेली (मूळ म्युझियममध्ये ठेवलीय, तिथे आहे ती नक्कल), त्यावर वर्षाचा एकेक दिवस आणि त्याचा संत, आणि बारा महिन्यांची शेतकऱ्यांच्या कामांची बारा चित्रं. म्हणजे गावाच्या भिंतीवर कालनिर्णय. डिसेंबरच्या चित्रात डुक्कर कापताहेत. आपल्याकडे तेव्हा मार्गशीर्षातले गुरुवार चालू असतात, ते आईला सांगितलं नाही.

सांगितलं ते माशांचं, कारण आई चौलची, मासा म्हटला की कान टवकारतात. ख्रिसमसच्या आधी प्रागच्या रस्त्यांवर मोठाल्या टबांत जिवंत कार्प विकतात, काही लोक तो घरी आणून दोन-चार दिवस आंघोळीच्या टबात सोडतात, चोवीसच्या रात्री तळून बटाट्याच्या सॅलडबरोबर खातात आणि त्याचं एक खवलं पाकिटात ठेवतात, पैसा टिकतो म्हणे. "आणि तोवर आंघोळी?" आईने विचारलं. आम्ही पोचू सव्वीसला, तोवर मासे संपलेले असणार, त्यामुळे विचारायचीही सोय नाही.

एवढं झाल्यावर बाबांना फोन दिला गेला. मी सगळा प्लॅन वाचून दाखवला. शुक्रवारी पोचणार, शनिवारी सकाळी ज्यू लोकांची जुनी वस्ती, तिथलं ते कबरस्तान, जागा नव्हती म्हणून थरावर थर देत पुरलेली माणसं आणि एकमेकांवर रेललेले दगड, त्याच्यासाठी खास सकाळचा चांगला उजेड राखून ठेवलाय. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "वार बघितलास का?"

बघितला नव्हता. अकरा टॅबमध्ये बाराव्याची भर घालून बघितला. शनिवारी बंद. शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, बंदच असणार, एवढं साधं डोक्यात आलं नाही. बाबा नुसतं "हं" म्हणाले. त्या 'हं'मध्ये वेरूळचं अख्खं गेट होतं.

मग विषय बदलायला म्हणून मी त्यांना पुलाचं सांगितलं. महापुरात जुना पूल वाहून गेल्यावर चौथ्या चार्ल्स राजाने नवा बांधायला घेतला, त्याचा पहिला दगड १३५७ साली, ९ तारखेला, सातव्या महिन्यात, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी बसवला असं सांगतात. ज्योतिषांनी मुहूर्त काढला होता म्हणे. ओळीने लिहिलं की १३५७९७५३१, एकापासून चढत नवापर्यंत आणि परत उतरत एकावर. पलीकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

रात्री व्हॉट्सॲपवर फोटो. पाठकोरा कागद, पट्टीने आखलेले चौकोन. शनिवार: उठणे ४.१५. चहा ४.३५. चालत पूल. ५.३१ पुलावर, आणि त्याखाली दोनदा रेघ.

मी लिहिलं, बाबा, सूर्य आठला उगवतो, आणि तेव्हा शून्याखाली असेल.

उत्तर आलं, मग गर्दी नसेल.

नवऱ्याला अजून दाखवलेलं नाही.