संस्थेचं नाव, रंग आणि लोगो एका कमांडमध्ये: माझा अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यातल्या पतसंस्था, शाळा, महिला मंडळांसाठी वेब ॲप्लिकेशन सुरू करायचं म्हणजे जुन्या प्रोजेक्टची कॉपी मारायची, असा शिरस्ता. मग आधीच्या संस्थेचं नाव कुठेतरी उरतंच, बहुतेक वेळा ब्राउझरच्या टॅबवर. म्हणून संस्थेच्या ओळखीसकट कोरं ॲप्लिकेशन उभं करणारी कमांड लिहिली.

सांगाडा सोपा आहे. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं वाटणारी आणि बसवणारी व्यवस्था. तिथल्या पॅकेजचं नाव 'क्रिएट-'ने सुरू केलं, की 'एनपीएम क्रिएट'पुढे उरलेलं नाव टाकून ते थेट चालतं. पॅकेजची माहिती ठेवणाऱ्या पॅकेज डॉट जेसन फाइलीत 'बिन'खाली कमांडची सुरुवातीची फाइल द्यायची, टेम्प्लेटचं (कोऱ्या ॲप्लिकेशनच्या नमुना फाइलींचं) फोल्डर शेजारी ठेवायचं. संस्थेचं जे काही आहे ते सगळं ब्रँड डॉट जेसन या एकाच फाइलीत; रंग तिथून पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसच्या व्हेरिएबलमध्ये जातात.

खरा वेळ खाल्ला नावाने. फोल्डरचं नाव संस्थेच्या नावावरून बनवायला मी अक्षरं-आकडे ठेवून बाकीचं गाळलं. पण जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर जुळवायच्या नमुन्यातला) 'बॅकस्लॅश डब्ल्यू' फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर ओळखतो. देवनागरी नाव त्या चाळणीतून गेलं की हाती रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर. रिकामं नाव जोडलेला पाथ म्हणजे चालू फोल्डरच, त्यामुळे सगळ्या फाइली तिथेच सांडल्या. आता नावं दोन विचारतो: दाखवायचं, आणि फोल्डरचं लहान रोमन अक्षरांतलं (पॅकेजच्या नावाला एनपीएमची कमाल मर्यादा 214 अक्षरं). दुसरं रिकामं असेल तर कमांड पुढे जातच नाही.

दाखवायचं नावही एकटं नसतं. आपण बेळगाव म्हणतो. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी. संस्थेचा नोंदणी दाखला जुना असेल तर त्यावरचं इंग्रजी स्पेलिंगही जुनं. म्हणून मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन नोंदी, आणि तिन्ही संस्थेकडून लेखी घेतलेल्या. लिप्यंतर करणाऱ्या लायब्ररीवर हे सोपवू नये, सचिव पहिल्याच बैठकीत चूक दाखवतात. मराठी पानाचा लँग, म्हणजे ब्राउझरला भाषा सांगणारी एचटीएमएलमधली खूण, 'एमआर'च (मराठी) हवा. 'एचआय' (हिंदी) ठेवला तर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय आहे, तिथेही ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

रंगांत भगव्याची मागणी हमखास. एफएफ९९३३ या कोडचा भगवा पांढऱ्यावर फक्त 2.1 कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर) देतो. साध्या मजकुराला किमान 4.5 लागतो. कमांड हे गुणोत्तर स्वतः मोजते आणि कमी पडलं तर तो रंग फक्त पट्ट्यासाठी ठेवते, वर काळी अक्षरं. ती जोडी 9.8 च्या वर जाते.

टेम्प्लेटमधल्या खुणांच्या जागी नाव भरताना सगळ्या फाइली मजकूर समजून वाचू नका. पीएनजी चित्र यूटीएफ-८ मजकूर म्हणून वाचून परत लिहिली की लोगो उघडतच नाही. मजकुराच्या एक्स्टेन्शनची यादी करा, बाकी फाइली जशाच्या तशा कॉपी करा. लोगो एसव्हीजी (रेषांनी बनलेलं चित्र) असेल तर त्यातली देवनागरी अक्षरं आधी आउटलाइन करून, म्हणजे आकारांत बदलून, घ्या. इमेज टॅगमधून आलेली एसव्हीजी बाहेरचा फॉन्ट ओढत नाही, मग अक्षरं भलत्याच फॉन्टमध्ये दिसतात. फेव्हिकॉनला नुसतं चिन्ह; 32 पिक्सेलमध्ये 'सहकारी पतसंस्था नियमित' कोणी वाचत नाही.

शेवटची अडचण प्रकाशनानंतरच दिसली. गिट म्हणजे कोडची आवृत्ती सांभाळणारी व्यवस्था, आणि तिने कोणत्या फाइली वगळायच्या ते डॉट गिटइग्नोर ही फाइल सांगते. एनपीएमच्या पॅकेजमध्ये ती जातच नाही, त्यामुळे नव्या प्रोजेक्टमध्ये नोड मॉड्यूल्स (बसवलेल्या पॅकेजांचं फोल्डर) थेट गिटमध्ये शिरले. टेम्प्लेटमध्ये ती फाइल अंडरस्कोअर लावून ठेवायची, कॉपी होताना नाव बदलायचं. 'एनपीएम लिंक'ने, म्हणजे पॅकेज प्रकाशित न करता आपल्याच फोल्डरला जोडून, तपासलं तर हा दोष कळत नाही, कारण फाइली तुमच्याच डिस्कवरून येतात. 'एनपीएम पॅक' करून तयार झालेली टीजीझेड (पॅकेजची गुंडाळलेली फाइल) दुसऱ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करून बघा.