‘सगळ्या डिस्क खराब’ म्हणे!

बाबांनी आमचा कुलवृत्तांत लंडनमधल्या हॅरोच्या घरी अटारी ५२०एसटीएफएम या जुन्या घरगुती संगणकावर टाइप केला होता, रोमन लिपीत. ते गेल्यावर पुण्याच्या काकांनी मागे लकडा लावला, "दादाचं ते काम कुठवर आलं होतं, बघ ना." म्हणून माळ्यावरून साडेतीन इंची फ्लॉप्यांचा डबा काढला.

यूएसबी ड्राइव्ह सहज मिळाला. (घेताना तो ७२० केबीची डिस्क वाचतो ना, ते विचारा, काही नुसते १.४४ एमबीचेच असतात.) मोजक्या फ्लॉप्या उघडल्या. बाकी प्रत्येकीला विंडोजचं एकच पालुपद : डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? चुकूनही ‘हो’ म्हणू नका.

मग एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे दिल्या. तपासणीचे पैसे आगाऊ, मग नुसती वाट पाहणं, आणि शेवटी एका ओळीचा निरोप : सगळ्या डिस्क खराब. डबा परत आला तेव्हा चिडूनच एकेक फ्लॉपी उजेडात धरली. न वाचलेल्या बहुतेकींवर कोपऱ्यात ‘एचडी’ (हाय डेन्सिटी) छापलेलं आणि दोन्ही बाजूंना भोकं. एक राइट-प्रोटेक्टचं (डिस्कवर लिहिणं बंद करणारं), दुसरं एचडीची खूण. अटारीचा ड्राइव्ह डीडी, म्हणजे डबल डेन्सिटीचा, त्याला हे दुसरं भोक दिसतच नाही. त्याने एचडी डिस्कवर खुशाल ७२० केबीचा फॉरमॅट मारला. पीसीचा ड्राइव्ह मात्र भोक पाहून १.४४ एमबी धरून चालतो, म्हणजे प्रत्येक ट्रॅकवर (गोल पट्ट्यावर) १८ सेक्टर (डेटाचे कप्पे) शोधतो. तिथे असतात ९!

एचडीच्या भोकावर काळी चिकटपट्टी लावली, दोन्हीकडून, घट्ट. पारदर्शक नको, काही ड्राइव्ह उजेडाने भोक ओळखतात. आणि पहिलीच फ्लॉपी कुरकुरत वाचली गेली. हे त्या तज्ज्ञांना सुचू नये?

तरी काहींवर विंडोज अडूनच बसलं. टॉस (अटारीची ऑपरेटिंग सिस्टिम) १.०४च्या आधी अटारीवर फॉरमॅट केलेल्या डिस्कच्या सुरुवातीला पीसीला हवे असलेले बाइट नसतात. लिनक्सवर ‘dd’ या आज्ञेने अख्ख्या डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) काढली आणि हातारी या, अटारीची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये उघडली. पणजोबांच्या पाच भावंडांची नावं पडद्यावर आली, स्पेलिंगं बाबांच्या खास पद्धतीची.

हो, राहिलंच : फ्लॉपी घालण्याआधी पत्र्याची झडप सरकवून बुरशी बघा. एकीची बुरशी ड्राइव्हच्या हेडला (वाचणाऱ्या भागाला) लागली की पुढच्या सगळ्यांवर ओरखडे. आणि राइट-प्रोटेक्टचं भोक उघडं ठेवा. सव्वापाच इंचीत उलटं, तिथे खाच झाकायची.

सुरुवातीच्या, एकाच बाजूने लिहिलेल्या ३६० केबीच्या काही डिस्क अजून यूएसबी ड्राइव्हला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या पीसीतला ड्राइव्ह आणि ग्रीसवीझल (असा ड्राइव्ह यूएसबीने जोडून डिस्कवरचा कच्चा सिग्नल वाचणारा) बोर्ड मागवलाय. तपासणीचे पैसेही परत मागितलेत. त्यावर मात्र उत्तर नाही.